ओस्टरमायर घराण्याचा कुलवृत्तांत

आमच्या मामांना आयुष्यात एकटा माणूस कधी दिसलाच नाही. तुमच्या-माझ्यासमोर एक माणूस येऊन उभा राहतो तेव्हा आपल्याला तो एकच दिसतो. मामांना त्याच्या मागे त्याचा बाप, बापामागे आजा, आजामागे पणजा अशी निदान सात पिढ्यांची रांग दिसायची, आणि त्या रांगेतला एखादा गडी सापडेनासा झाला की त्यांना जेवण जात नसे. अठ्ठ्याहत्तर साली मी नोकरीसाठी पहिल्यांदा दोह्याला उतरलो तेव्हा विमानाच्या शिडीवरच उन्हाने माझं भरीत झालं होतं. मामा न्यायला आले होते. दुसऱ्या कुणीही प्रवास कसा झाला, पाणी हवं का, असं काहीतरी विचारलं असतं. मामांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचे खापरपणजोबा सिन्नर सोडून निघाले ते नक्की कोणत्या दुष्काळात?" मला आजोबांच्या पलीकडे कुणाचं नाव ठाऊक नव्हतं. मी दोन दुष्काळ अंदाजाने सांगून पाहिले, आणि मामांनी गाडीत बसेपर्यंत दोन्ही खोडून काढले.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे नाशिकचे. एका बांधकाम कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते, आणि मला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. अक्षर असं, की त्यांनी काढलेला गटाराचा नकाशासुद्धा फ्रेम करून लावावा. दोह्याच्या मदिनत खलीफा भागात कंपनीने भाड्याने घेऊन दिलेल्या घरात ते, मामी आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहत. त्या घरात सोफा एका भिंतीला होता आणि बाकीच्या तीन भिंती पूर्वजांना दिलेल्या होत्या. आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत मामांनी दोह्यात बसून तयार केला. त्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या पालथ्या घातल्या, मोडी लिपी शिकले, आणि दर सुट्टीत मामीला माहेरी सोडून स्वतः कुठल्या तरी आडगावच्या देवळात शिलालेख पुसत बसले. वंशावळ ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढलेली होती, आणि वर्षातून एकदा ऑफिसच्या नकाशे छापायच्या अमोनिया मशीनवर तिच्या प्रती निघत. अमोनियाचा तो उग्र वास आला की शिपायापासून सगळ्यांना कळायचं, मामांच्या घराण्यात कुणीतरी जन्मलंय किंवा गेलंय.

मामी या सगळ्याकडे थंडपणे पाहत असे. ती सांगायची, "आमच्या लग्नाच्या बैठकीत यांनी हुंड्याचा शब्द काढला नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांचं नाव मात्र तीनदा विचारलं. बाबांना वाटलं, मुलगा पोलिसात आहे."

वंशावळीचे मामांचे नियम कडक होते. पुरुष चौकोनात. त्यांच्या बायका चौकोनाबाहेर, बारीक अक्षरात. मुली झाल्या असतील तर फक्त आकडा: कन्या दोन, कन्या चार. नावं नाहीत, कारण त्या दिल्या घरी गेल्या, आता त्यांचा हिशेब त्या घराने ठेवावा. हा नियम मामांनी केलेला नव्हता, जुन्या सगळ्या कुलवृत्तांतांत तो तसाच होता. पण मामांनी तो इतका काटेकोर पाळला होता, की दिवाणखान्यातल्या भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या चौकोनाखाली सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: कन्या १. आणि ती कन्या क्रमांक एक समोरच्या सोफ्यावर लोळत इंग्रजी गोष्टींची पुस्तकं वाचत असायची. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा धेडगुजरीत द्यायची.

खरं सांगायचं तर मामांना दोहा मानवला तो यासाठीच. नाशिकला लोक त्यांना पाहून रस्ता बदलायचे. इथे त्यांचे घरमालक, एक वृद्ध कतारी गृहस्थ, पाण्याची टाकी बघायला आले होते. तरुणपणी मोत्यांच्या निमित्ताने मुंबईला जाऊन आल्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. मामांनी चहा पुढे केला आणि सवयीने वडलांचं नाव विचारलं. त्यांनी ते सांगितलं, मग आजोबांचं, मग पुढचं, आणि चहा निवेपर्यंत एका दमात चौदा नावं घेतली. मामा कागद-पेन्सिल आणायला धावले, तर म्हाताऱ्याने हात धरून बसवलं आणि म्हणाला, "लिखने से भूल जाते हैं." त्या दिवशी मामा मला म्हणाले, की या देशात मला आजवर कुणी वेडा म्हटलेलं नाही. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. टाकी अर्थात तशीच गळत राहिली.

अशा माणसाच्या हाती एक अमेरिकन सापडला, त्याला कोण काय करणार.

वॉल्टर ओस्टरमायर आमच्या ऑफिसचा नवा मुख्य इंजिनियर म्हणून मिसुरीहून आला. वेस्ट बे म्हणजे तेव्हा समुद्रात भर टाकून केलेलं नुसतं मैदान होतं. त्याच्या नकाशांपुढे मामा आणि तो शेजारी शेजारी उभे असताना मामांनी त्याला गोत्र विचारलं. वॉल्टर सहा फूट चार इंच उंच, स्वभावाने गाईसारखा गरीब. तो रागावला नाही. त्याने गोत्र म्हणजे काय ते समजावून घेतलं, विचार केला आणि सांगितलं, की मला एवढंच ठाऊक आहे, माझ्या पणजोबांचे वडील जर्मनीहून जहाजाने आले. कुठल्या गावाहून ते कुणालाच माहीत नाही. घरात एक आत्या आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, लग्न न केलेली. घराण्याचं जुनं बायबल तिच्याकडे आहे, आणि डोळे मिटायच्या आत आपलं मूळ गाव कळावं एवढीच तिची इच्छा आहे. दर पत्रात ती तेच विचारते, आणि मी दर पत्रात हवापाण्याबद्दल लिहितो.

मामांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई मूळ गाव न कळता जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसली नाही. त्यांनी वॉल्टरला तिथल्या तिथे शब्द दिला. घरी येऊन चौथ्या भिंतीलगतचा सोफा हलवला, आणि तिथे ट्रेसिंग पेपर लावून वर मथळा घातला: ओस्टरमायर घराण्याचा कुलवृत्तांत.

पहिले दोन महिने मामांना वाटत होतं की मूळ गाव ब्रेमेन, कारण आत्याबाईंच्या माळ्यावरच्या पेटाऱ्यावर तसं रंगवलेलं होतं. आमच्या वर्कशॉपात एक जर्मन फोरमन होता. त्याने सांगितलं, की ते बंदर आहे, अर्धी जर्मनी तिथूनच बोटीत बसली. मामा ओशाळले. मग त्यांनी आपलं खास हत्यार काढलं. ते म्हणायचे, माणूस गाव विसरेल, देव विसरेल, पण कुळाचार विसरत नाही. वॉल्टरला त्यांनी विचारलं, तुमच्याकडे सणाला असं काय करतात, जे शेजाऱ्यांकडे करत नाहीत? वॉल्टर बिचारा लाजला. त्याने आत्याला लिहिलं. महिन्याने उत्तर आलं, की थंडीत आमच्या आजीच्या हातचा पिकर्ट व्हायचा: बटाटा किसून, पिठात मनुका घालून, पीठ फुगलं की तव्यावर जाडसर लावायचं. मामा ते पत्र घेऊन फोरमनकडे गेले. फोरमन वाचून हसत सुटला. म्हणाला, हे माझ्या सासूच्या मुलखातलं खाणं, दोन डोंगरांपलीकडे कुणाला नावसुद्धा माहीत नाही. त्याने नकाशावर बोटाने एक गोल काढला. त्यात चौदा गावं आणि चौदा चर्चं होती.

त्या शुक्रवारी मामांनी मामीला पिकर्ट करायला लावला. मन्सूरा भागातल्या वाण्याकडून मनुका आल्या, मामीने सवयीने हिरवी मिरची घातली, आणि मामांनी देवापुढे नैवेद्य दाखवून पहिला घास वॉल्टरला दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आठवणीचं की मिरचीचं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मग आत्याबाईंनी बायबलच्या पहिल्या पानाची फोटोकॉपी पाठवली. जुनं जर्मन हस्ताक्षर, सगळ्या रेघा एकीकडे झुकलेल्या. फोरमनने पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि हात टेकले. हे आमच्या आजोबांचं लिहिणं, आम्हाला शाळेत नाही शिकवलं, म्हणाला. मामांना ब्रह्मानंद झाला. म्हणजे यांच्याकडेही मोडी आहे, आणि यांच्याही पोरांना ती वाचता येत नाही. फोरमनच्या आईने गावाहून जुन्या शाळेच्या पुस्तकातलं अक्षरांचं पान पाठवलं, आणि पुढचे तीन महिने जेवणाच्या सुट्टीत आमचे नाशिकचे मामा एका जर्मन माणसाला जर्मन वाचायला शिकवत होते. चुकला की हातावर फूटपट्टी टेकवायचे.

पान लागलं त्या दिवशी मात्र मामांचा चेहरा पडला. त्यांनी मला बाजूला घेतलं, दार लोटलं आणि बोट ठेवून दाखवलं. योहान हेन्रिक ओस्टरमायर. त्याखाली बायकोचं नाव, आना मारिया, आणि तिच्या नावापुढे माहेरचं आडनाव. तेही ओस्टरमायर.

"सगोत्र," मामा कुजबुजले.

मी म्हटलं, असेल की लिहिणाऱ्याची चूक. मामांनी या शक्यतेवर झडप घातली. चूकच असणार. एवढं सालस घराणं, असला प्रकार होणारच नाही. आणि समजा झालाच असेल, तर अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्या बाईच्या कानावर कशाला घालायचा? त्यांनी वंशावळीत योहान हेन्रिकचा चौकोन काढला, बायकोच्या नावापुढची जागा कोरी सोडली, आणि हे गुपित आपल्या दोघांत राहील अशी मला शपथ घातली. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका जर्मन बाईची अब्रू आम्ही दोघांनी दोह्यात बसून झाकली.

चौदा चर्चांना चौदा पत्रं गेली. इंग्रजी मामांचं, टाइपिंग मुलीचं. तिला शाळेत टाइपिंग होतं आणि मामांना फुकटचा टायपिस्ट हवा होता. चर्चमधला पाद्री म्हणजे त्या घराण्याचा क्षेत्रोपाध्याय, हे मामांनी गृहीतच धरलं होतं. त्यामुळे प्रत्येक पत्राची सुरुवात साष्टांग नमस्काराने झाली आणि प्रत्येक पाकिटात कुंकू लावलेल्या अक्षता पडल्या. एका पाद्रीबुवांनी उत्तरात अतिशय नम्रपणे विचारलं होतं, की सोबतचा तांबडा तांदूळ शिजवायचा आहे की पेरायचा. पण उत्तर सगळ्यांचं एकच आलं. योहान हेन्रिक ओस्टरमायर नावाचं मूल आमच्याकडे जन्मल्याची नोंद नाही. तेरा पत्रं अशी आली. चौदावं हॉल्टरबेक नावाच्या गावाहून आलं, आणि त्यातही तेच होतं.

इकडे मिसुरीहून वॉल्टरला कळलं, की आत्या पडली, मांडीचं हाड मोडलं, आता अंथरुणातून उठेलसं वाटत नाही. शुद्धीत आहे, आणि गाव विचारते आहे. वॉल्टरने हे मामांना अगदी सहज सांगितलं, घाई करा असं चुकूनही म्हणाला नाही. ते मामांना जास्त लागलं. त्यांचं जेवण सुटलं. ऑफिसात एका नळाच्या नकाशावर त्यांनी उत्तर दिशा दक्षिणेला काढली, ही गोष्ट त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत घडलेली नव्हती. मामी मला म्हणाली, "यांचं कुणीतरी आजारी असावं तसं चाललंय. मी भाताबरोबर साधं वरण करते हल्ली."

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. मामा भिंतीवरच्या ओस्टरमायरांकडे बघत होते. मुलगी फोटोकॉपी हातात घेऊन उभी होती. अक्षरांच्या त्या पानावरून ती कधी ते वाचायला शिकली कोण जाणे. तिने विचारलं, "बाबा, या आना मारियाबद्दल तुम्ही कोणालाच का नाही विचारलं? शी हॅज अ नेम. इट्स राइट हिअर."

मामा म्हणाले, बेटा, बायकांच्यावरून घराणं लागत नसतं. तिने एकदा भिंतीवरच्या त्या दुसऱ्या वंशावळीकडे पाहिलं, जिथे ती स्वतः एक आकडा होती, आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने आतून टाइपरायटरचा आवाज यायला लागला. मामांना वाटलं, शाळेचा अभ्यास चाललाय.

पाच आठवड्यांनी हॉल्टरबेकहून पाकीट आलं. वर मुलीचं नाव होतं. तिने ते फोडलं, वाचलं, आणि मामांपुढे ठेवलं. पाद्रीबुवांनी लिहिलं होतं: आना मारिया ओस्टरमायर आमच्याच गावची. ओस्टरमायर हे तिच्या बापाच्या शेतवाडीचं नाव, आजही ती वाडी उभी आहे. तिला भाऊ नव्हता. शेजारच्या वाडीतला तिसरा मुलगा, ज्याचं आडनाव वेगळंच होतं, तो लग्न करून तिच्या घरी राहायला आला, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याने शेताचं, म्हणजे बायकोचं, आडनाव घेतलं. पुढे धाकट्या मेहुणीच्या नवऱ्याला वाडी सोपवून दोघं अमेरिकेला गेली. तुमच्या पहिल्या पत्रात फक्त नवऱ्याचा जन्म विचारला होता, त्या आडनावाने तो जन्मलेला नसल्यामुळे मला सापडला नाही, क्षमस्व.

मामांनी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा म्हणाले, "सगोत्र नव्हतं." आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला, की वंशावळ हलली. दुसऱ्यांदा म्हणाले, "म्हणजे घरजावई." तिसऱ्यांदा वाचून त्यांनी पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "गाव पहिल्याच पत्रात दारापर्यंत आलं होतं. मीच बाईला आत घेतलं नाही."

वॉल्टरला हे कसं सांगायचं याची मामांना फार काळजी होती. तुमचं आडनाव घरजावयाने घेतलेलं आहे हे आपल्याकडे कुणी तोंडावर सांगत नाही. वॉल्टरने ऐकलं आणि म्हणाला, काही हरकत नाही, आत्याला ते आवडेल. शुक्रवारी दुपारी त्याच्या घरून ट्रंककॉल लावला. मामांना मुद्दाम शेजारी बसवलं. पलीकडे कुणीतरी रिसीव्हर आत्याबाईंच्या कानाला धरला होता. वॉल्टर ओरडून म्हणाला, "हॉल्टरबेक." मग तिने पुन्हा म्हणायला सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं. मग एवढ्या मोठ्या माणसाने फोन मामांच्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मामांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला लावला. ते फोनमध्ये म्हणाले, "नमस्कार आत्याबाई," आणि मराठीतच विचारलं, "आता बरं वाटतंय का?" ती काय म्हणाली ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, पण घरी येऊन ते चार पोळ्या जेवले.

आत्याबाईंनी नर्सकडून लिहून घेतलेलं एक पत्र नंतर आलं. त्यात होतं, की शेत आमच्या बाईचंच होतं तर, मला कायम तसं वाटायचं. आणि ज्या मुलीने हे विचारलं तिला माझ्याकडून एक पापा. मुलीने ते पत्र मागून घेतलं.

तीनच आठवड्यांनी आत्याबाई गेल्या. वॉल्टरने ऑफिसात ही बातमी मामांना दिली तेव्हा मामा नेहमीसारखे दोन शब्द बोलले, पुन्हा ड्रॉइंग बोर्डावर वाकले आणि संध्याकाळी घरी गेले. मी मागोमाग पोचलो, तर मामी दारातच म्हणाली, जरा थांबा, ते न्हाणीघरात आहेत. मामा डोक्यावरून अंघोळ करत होते. आपल्या माणसाच्या जाण्याची बातमी कळली की आपल्याकडे करतात तशी. ओल्या केसांनी बाहेर आले, देवापुढे उभे राहिले आणि मिसुरीच्या दिशेने हात जोडले. ती दिशा बरोबर होती का ते मी तपासलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःची वंशावळ भिंतीवरून उतरवली. ट्रेसिंग पेपरवरची शाई काढायची तर अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडावी लागते, जोर लागला की कागद फाटतो. मामांनी चष्मा कपाळावर ढकलून "कन्या १" खरवडलं. जागा झाडली, नखाने घोटून गुळगुळीत केली, आणि चौकोन काढून त्यात मुलीचं नाव लिहिलं. मग वरच्या पिढीकडे वळले. तिथेही आकडे होते. मग त्याच्या वरच्या. मामी म्हणाली, जेवून घ्या. ते म्हणाले, आलोच, आत्या राहिल्यात अजून. हे आत्यांचं काम पुढे पाच वर्षं चाललं, कारण उपाध्यांच्या वह्यांतही मुलींची नावं नव्हती. मामांना त्यासाठी म्हाताऱ्या बायकांना पत्रं लिहावी लागली, आणि त्या बायका एकेका नावामागे चार चार पानं लिहायच्या.

सत्त्याऐंशी साली मामा नोकरी संपवून नाशिकला परतले. विमानतळावर मी पोचवायला गेलो होतो. इतक्या वर्षांत मी सिन्नरच्या खापरपणजोबांचा दुष्काळ शोधला नव्हता, आणि त्यांनी शेवटपर्यंत तो सोडला नाही. हातात एक गुंडाळी दिली, म्हणाले, सवडीने बघा. मला कुठली सवड. गुंडाळी कपाटावर गेली आणि तिथेच राहिली.

दोन वर्षांनी मामा गेल्याची तार आली. मी अंघोळ करून बाहेर आलो, तर बायकोने ती गुंडाळी काढून जमिनीवर पसरली होती. खोलीभर अमोनियाचा वास सुटला होता. मामांच्या चौकोनाशेजारी त्यांच्या बहिणीचा चौकोन होता, त्याखाली माझ्या बायकोचा, आणि त्याला जोडून, गटाराच्या नकाशाला शोभेल अशा सुरेख अक्षरात, माझा. मी त्या घराण्यात कुठल्याच नियमाने बसत नाही. माझ्या नावापुढे कंसात लिहिलेलं होतं: सिन्नरचे, दुष्काळ शोधणे बाकी.

आमच्या दोघांच्या नावाखाली मामांनी चार बोटं जागा मोकळी सोडली होती. त्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. आम्ही तिचं नाव तिथे लिहिलं आहे. माझं अक्षर मामांच्या शेजारी फार वाईट दिसतं, पण खोडायला मन होत नाही.